टीव्हीवरची १० मिनिटांची भाजी घरी पाऊण तास का घेते?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजचा एपिसोड लेखी स्वरूपात. विषय आहे रोजचा स्वयंपाक, आणि तोही झटपट.

नाशिकमध्ये अंबड-सातपूरला शिफ्ट करणारे किंवा कॉलेज रोडला रूम घेऊन राहणारे बरेच जण एकदा उत्साहाने रेसिपी बघून भाजी करतात. १० मिनिटांची म्हणून सुरू केलेली भाजी ४५ मिनिटांनी ताटात येते. मग निष्कर्ष काय निघतो, तर 'आपल्याला स्वयंपाक जमत नाही.' दुसऱ्या दिवसापासून पुन्हा ऑर्डर. माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा जमत नसतं असं काही नाही, वेळेचा हिशोबच चुकीचा सांगितलेला असतो.

टीव्हीचं घड्याळ वेगळं असतं

१९९३ मध्ये झी टीव्हीवर संजीव कपूर यांचा 'खाना खजाना' सुरू झाला. मराठीत प्रशांत दामले यांनी 'आम्ही सारे खवय्ये' घराघरात नेला, विष्णू मनोहर यांची 'मेजवानी' आली. या कार्यक्रमांनी एक मोठं काम केलं. पदार्थ हातानं करताना दिसायला लागला. 'खरपूस भाजणे' म्हणजे नक्की कोणता रंग, हे पुस्तकात वाचून कळत नाही, बघून कळतं.

पण अर्ध्या तासाचा कार्यक्रम, त्यात जाहिराती आणि गप्पा. म्हणून कांदा चिरलेला, लसूण सोललेला, वाटण तयार, सगळं छोट्या वाट्यांमध्ये मांडलेलं. मध्येच 'हे मी आधीच करून ठेवलंय' म्हणत दुसरं भांडं पुढे येतं. म्हणजे रेसिपीचा सांगितलेला वेळ हा फक्त गॅसवरचा वेळ असतो. चिरणं, सोलणं, भिजवणं, आणि नंतरची भांडी यात मोजलेलीच नाहीत. आजच्या एका मिनिटाच्या रील्समध्ये तर हे आणखी कापलं जातं.

सगळ्यात मोठा चोर: कांदा

'कांदा दोन मिनिटं परता, लाल झाला की मसाला घाला.' हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. लासलगावच्या एवढ्या जवळ राहून कांद्याचं गणित आपल्याला यायलाच हवं. कांद्यात जवळजवळ ९० टक्के पाणी असतं. ते पाणी आहे तोवर कांद्याचं तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही. आणि तो खमंग तपकिरी रंग झपाट्याने यायला साधारण १४० अंश लागतात. म्हणजे आधी पाणी उडायला हवं, मगच रंग. घरच्या गॅसवर दोन कांद्यांना आरामात १०-१२ मिनिटं लागतात.

वेळ थोडा कमी करायचा असेल तर पसरट कढई घ्या, म्हणजे वाफ लवकर निघून जाते. सुरुवातीलाच चिमूटभर मीठ घाला, म्हणजे पाणी लवकर सुटतं. झाकण ठेवू नका, नाहीतर कांदा परतण्याऐवजी शिजतो.

उपाय: रविवारी करा, आठवडाभर वापरा

आम्ही कोड लिहिणारे याला कॅशिंग म्हणतो. एकच जड काम पुन्हा पुन्हा करायचं नाही, एकदा करून ठेवायचं. आपल्याकडे घरात हे आधीपासून आहेच, त्याला वाटण म्हणतात.

रविवारी ४ कांदे आणि अर्धी वाटी सुकं खोबरं काळपट भाजा, आलं-लसूण घालून बारीक वाटा. कोरड्या डब्यात भरून फ्रीजमध्ये ४-५ दिवस राहतं. आता मंगळवारी रात्री शेवभाजी अशी होईल:

१. दोन-तीन चमचे तेलात चार चमचे वाटण परता.
२. तिखट, हळद, काळा मसाला घाला. कडेला तेल सुटेपर्यंत थांबा.
३. तीन वाट्या गरम पाणी, मीठ. पाच मिनिटं उकळा. पाणी गरमच हवं, गार घातलं की उकळीसाठी पुन्हा थांबावं लागतं.
४. शेव ताटात वाढताना घाला. शेव बेसनाची असते, आधी घातली तर रस्सा पिऊन लगदा होतो.

एकूण १५ मिनिटं. भाकरी जवळच्या पोळीभाजी केंद्रातून आणा, त्यात कमीपणा काही नाही.

क्रम बदला

दुसरी युक्ती क्रमाची. ज्या कामाला तुमची गरज नाही, ते आधी सुरू करायचं. घरात आल्या आल्या तांदूळ धुऊन कुकर लावा. कुकरमध्ये दाबामुळे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापतं, म्हणून भात लवकर होतो, आणि तिथे उभं राहावं लागत नाही. तेवढ्यात पिठलं करा. बेसन आधी गार पाण्यात कालवा. थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर बाहेरचा थर लगेच फुगतो, आत कोरडं पीठ अडकतं, आणि त्याच गुठळ्या. फोडणीत पाणी उकळलं की कालवलेलं पीठ ढवळत ओता, झाकून मंद आचेवर ५-७ मिनिटं. कच्चा वास गेला की झालं.

रेसिपी बघताना तीन प्रश्न

एक, यात आधीच करून ठेवलेलं काय काय आहे? दोन, कोणतं काम आपोआप होतं? तीन, कोणती वस्तू नसली तरी चालेल? सजावटीची कोथिंबीर किंवा क्रीम नसलं तरी भाजी भाजीच राहते. फोडणी मात्र सोडू नका.

आणि मापं वाटी-चमच्यात लिहून ठेवा. कमलाबाई ओगले यांनी १९७० मध्ये 'रुचिरा' लिहिताना हेच केलं. वजनकाटा नसलेल्या घरातही रेसिपी जशीच्या तशी जमू लागली. रूमवर तुमच्याकडेही काटा नसणारच, वाटी मात्र असते.

तर या रविवारी फक्त वाटण करून ठेवा, बाकी काही नाही. आणि बुधवारपर्यंत त्यातून किती जेवणं झाली ते मोजा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर पोटभर जेवा!