जाहिरात निघेपर्यंत काय करायचे?

दर रविवारी सकाळी विहारात आम्ही पोरांचे फॉर्म भरून द्यायला बसतो. नोकरी कारकुनाची, त्यामुळे कागद हा आमचा रोजचा सोबती. मागे एक मुलगा आईला घेऊन आला. बी.ए. झालेला, वय ३१. सात वर्षे भरतीचा अभ्यास चाललेला. आई चार घरची धुणीभांडी करते. आम्ही विचारले, "या सात वर्षांत काम काय केलंस?" तो गप्प. आईच म्हणाली, "जाहिरातच निघंना बघा दादा, मग काय करील त्यो?"

सरकारी नोकरीची ओढ आम्ही चुकीची म्हणणार नाही. आपल्या कित्येक घरांत पहिला पगार तिनेच आणला. याच कोल्हापुरात २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखल्या. पण त्याच महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल घालून दिले आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला, हे आपण विसरतो. राज्याच्या नोकरीत मागासवर्गीयांची वयोमर्यादा २०१६ साली ४३ वर्षे झाली. सवलत चांगलीच, पण तिच्यामुळे वाट बघणेही लांबले. अभ्यास सोडा असे आम्ही सांगत नाही. वाट बघताना हात रिकामे ठेवू नका, एवढेच सांगतो.

"खासगीत आपल्याला कोण घेतो?" असे पोरे विचारतात. प्रश्न खोटा नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखेच, नावे मात्र वेगवेगळी. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची संधी सुमारे दोन-तृतीयांश निघाली. म्हणजे नुसता अर्ज टाकून घरी बसलो तर आपण मागेच पडणार. काम हाताने करून दाखवता येईल अशा दाराने आत शिरले पाहिजे.

कोल्हापुरात ती दारे आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत आणि जुने उद्यमनगर इथे फौंड्री आणि मशीनशॉप ओळीने उभे आहेत. आय.टी.आय. झालेल्या फिटर, टर्नर, मशिनिस्टने १९६१ च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप सोडू नये. स्टायपेंड थोडा असतो, पण वर्षअखेरीला हातात दाखला येतो आणि सुपरवायझरला तुमचे काम माहीत झालेले असते. आपल्या वस्तीतला कोणी फेटलिंगला, कोणी कॅन्टीनला असतोच. जागा रिकामी होणार हे त्याला जाहिरातीआधी कळते. त्याच्याकडे जाऊन बसायला आपल्या पदवीधर पोरांना कमीपणा वाटतो, हे आम्हाला पटत नाही. इतरांना पाहुणेरावळे आतली बातमी देतात. आपल्याकडे मंडळ आहे, बचत गट आहे, तिथे विचारा.

बी.ए., बी.कॉम. वाल्यांचे काय? आम्ही बी.कॉम. झालो तेव्हा साधे व्हाउचर लिहिता येत नव्हते. एका छोट्या वर्कशॉपमध्ये सहा महिने तुटपुंज्या पगारावर चलने फाडली, तिथे शिकलो. आज टॅली, जी.एस.टी.ची बिले, ई-वे बिल आणि स्टोअरचे रजिस्टर एवढे येत असेल तर मुलींनाही काम मिळते. मात्र नेमणुकीचे पत्र मागा, आणि पी.एफ. कापत असतील तर यू.ए.एन. नंबर लिहून घ्या. कंत्राटदार बदलला तरी तो नंबर तुमचाच राहतो.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४५ साली, युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी रोजगार विनिमय केंद्रांची यंत्रणा उभी राहिली. ती नोंदणी आता महास्वयमवर होते. ती करा, रोजगार मेळाव्याला जा. पण दलालाला पैसे देऊ नका. आमच्याच घरी शिपायाच्या जागेसाठी आईने बोरमाळ गहाण ठेवली होती. जागा नाही आली, बोरमाळही नाही आली.

आता कागदांचे. निवड झालेली पोरे कागदापायी अडकलेली आम्ही पाहिली आहेत. जातीचा दाखला आणि जात वैधता वेगवेगळी, हेच अनेकांना ठाऊक नसते. वैधतेसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा किंवा गावच्या दप्तरातली जुनी नोंद चालते. रेल्वे, पोस्ट, बँका यांचे आणखी वेगळे. केंद्राच्या नोकऱ्यांत बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या कायदादुरुस्तीने मिळाल्या. तिथे केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो आणि त्यात धर्मांतरापूर्वीची जात लिहावी लागते. एक म्हातारे बाबा यावर चिडून म्हणाले, "बाबासाहेबांनी सोडिवलं, ते परत कागदावर कशाला आणताय?" आम्हाला तत्काळ उत्तर सुचले नाही. मग म्हटले, "बाबा, घरात आपण बौद्धच. हा कागद हक्काचा आहे, नातवाचा आहे." बाबांनी सही केली, पण आमच्याकडे न बघता.

तो ३१ वर्षांचा मुलगा आता गोकुळ शिरगावला एका कारखान्यात स्टोअरमध्ये लागला आहे. दुसरी पाळी असते, सकाळी अभ्यास करतो. आजोबांच्या शाळेचा उतारा मात्र अजून हाती नाही. येत्या सोमवारी आई कामाची सुट्टी काढून गावच्या शाळेत जाणार आहे.