‘फाइल उघडली, पण काहीच झालं नाही!’

शहादा-तळोद्याकडच्या टायपिंगच्या दुकानांत, सेतू केंद्रांत हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता वैताग येतो. मेलवर ‘बिल’ आलं, डबल क्लिक केलं, क्षणभर काळी चौकट चमकली आणि गेली. निष्कर्ष काय, तर ‘फाइल खराब होती, व्हायरस असता तर कॉम्प्युटर बंद पडला असता.’

अहो, काहीच झालं नाही असं तुम्हाला वाटावं, यासाठीच तर ती बनवलेली असते!

अशी फाइल बहुधा ‘ट्रोजन डाउनलोडर’ असते. तो स्वतः फारसं काही चोरत नाही की मोडत नाही. घरफोडे आधी खिडकीतून एखादं पोर आत सोडतात आणि ते फक्त कडी काढतं, तसं त्याचं काम. बिल, नेमणुकीचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट अशा सोंगात तो येतो, गुपचूप ठरलेल्या सर्व्हरशी संपर्क साधतो आणि खरा माल उतरवून घेतो. तो माल पासवर्ड चोरणारा असेल किंवा सगळ्या फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा. हे त्याच दिवशी घडेलच असं नाही. २०१४ पासून पसरलेला ‘इमोटेट’ असाच. त्याचे चालक शिरकाव केलेल्या कॉम्प्युटरांमधला प्रवेश चक्क दुसऱ्या टोळ्यांना विकत. युरोपीय पोलीस संस्था युरोपोलच्या समन्वयाने आठ देशांनी मिळून जानेवारी २०२१ मध्ये त्याचं जाळं ताब्यात घेतलं, तरी वर्ष संपायच्या आत तो परतला.

‘आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’ दाखल्यांसाठी आलेल्या लोकांची आधार कार्डं, पोर्टलचं लॉगिन, वॉलेटमधली रक्कम. आणखी काय हवं?

‘चिन्ह पीडीएफचं होतं.’ चिन्ह कोणतंही लावता येतं. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, लपवतं. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ सुरू करा, म्हणजे ‘बिल.पीडीएफ’च्या मागे दडलेलं ‘.ईएक्सई’ दिसेल.

‘वर्डच्या फाइलमध्ये कसला व्हायरस?’ त्यात मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, असू शकतात. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये आपणहून रोखायला सुरुवात केली, ती उगाच नाही. ‘एनेबल कंटेंट’ दाबू नका.

‘अँटिव्हायरस आहे ना!’ आहे, पण फोटोशॉपचं फुकटचं क्रॅक टाकताना ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ ही सूचना निमूटपणे पाळणारे आपणच.

‘मोबाइलला धोका नाही.’ ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लग्नपत्रिका उघडली. ती एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवणारी फाइल निघाली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले.

चुकून क्लिक झालंच, तर लगेच इंटरनेट तोडा, केबल असो वा वायफाय. पासवर्ड बदला, पण त्याच कॉम्प्युटरवरून नव्हे. पूर्ण स्कॅन करा. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर त्यासाठी मोफत साधनं मिळतात. पैसे गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा. दुकानदाराला बोलावून विंडोज नव्याने टाकून घेणं नंतर. ते आधी केलंत, तर पोलिसांना दाखवायचा पुरावाही त्यासोबत पुसला जाईल.