मुळीवरची गाठ
सांगोल्याकडचे डाळिंब बागायतदार माती तपासायला आणतात तेव्हा ती उन्हात वाळवून, चाळून आणलेली असते. खताच्या तपासणीला ते बरोबर. सूत्रकृमी बघायला ती माती कुचकामी. मला जिवंत कृमी हवे असतात. ड्रिपरखालची वीतभर खोलीवरची ओलसर माती आणि मूठभर पांढऱ्या मुळ्या आणा, असं मी सांगते. वाळलेल्या झाडाखालची नको, पिवळं पडायला लागलेल्याची हवी. पिशवीचं तोंड बांधून सावलीत ठेवायची.

ही माती पाण्यात ढवळून मी बारीक चाळण्यांतून गाळते. चाळणीवरचा गाळ टिश्यू पेपरवर पसरून पाण्याने भरलेल्या नरसाळ्यावर ठेवते. कृमी कागदातून खाली उतरतात आणि नरसाळ्याच्या रबरी नळीत जमतात. दुसऱ्या दिवशी नळीचा चिमटा सैल केला की पडणाऱ्या थेंबात वळवळ दिसते. ही युक्ती बेअरमान नावाच्या डॉक्टरांनी १९१७ साली जावा बेटावर काढली, तीही माणसाला होणाऱ्या अंकुशकृमीसाठी!

मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीचं पिल्लू जेमतेम ०.४ मिलीमीटरचं. तोंडात सुई असते. मुळीच्या टोकाजवळून ते आत शिरतं, एका जागी ठाण मांडतं आणि लाळ सोडून आसपासच्या पेशी फुगवतं. मग बसल्या जागी पोषण. मादी चिकट पुंजक्यात शेकडो अंडी घालते, उष्ण दिवसांत महिनाभरात नवी पिढी तयार. वरून काय दिसतं? पाणी असून झाड दुपारी मान टाकतं, फळ फुगत नाही. मालक खताचा डोस वाढवतो. मुळांच्या जखमांतून मर रोगाची बुरशी घुसते, झाड जातं आणि खापर एकट्या बुरशीवर फुटतं.

चवळीच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या नत्राच्या, उपकारक. नखाने सहज सुटतात. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही. मुळीच फुगून मण्यांच्या माळेसारखी झालेली असते.

एकदा बागेत शिरलेला सूत्रकृमी पुरता हटत नाही, संख्या तेवढी दाबता येते. निंबोळी पेंड, अंडी खाणारी बुरशी (दुकानात अजून जुन्याच नावाने, पॅसिलोमायसिस म्हणून मागतात) आणि ओळींत झेंडू. झेंडूच्या मुळांतलं रसायन कृमींना मारक, शिवाय दसऱ्याला फुलं विकली जातात. लहान बागेत टोमॅटो, वांगी, भेंडीचं आंतरपीक घेऊन चार पैसे काढण्याचा मोह मला कळतो. पण ही पिकं सूत्रकृमीला पोसतात.

बागेत तो बऱ्याचदा गुटी कलमाच्या पिशवीतून येतो. रोपवाल्याने पिशवीची माती एप्रिल-मेमध्ये ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली तापवली होती का, हे विचारावं. एक पिशवी फाडून मुळ्या धुऊन बघाव्यात. त्या रोपाचे पैसे वेगळे मागितले तर द्यावेत. फाडू दिली नाही, तर दुसरा रोपवाला बघावा.