राखीव लहर
आकाशलहरींना देशांच्या सीमा ठाऊक नसतात. म्हणून त्यांची वाटणी राष्ट्रांना एकत्र बसूनच करावी लागते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमांनी ४०६ ते ४०६.१ मेगाहर्ट्झ हा चिंचोळा पट्टा संकटसूचक यंत्रांसाठी राखून ठेवला आहे. विमान कोसळताच त्यातील यंत्र धक्क्याने जागे होते व सुमारे ५ वॅट शक्तीने उपग्रहाला साद घालते. एवढी शक्ती म्हणजे घरातील लहानसा दिवा! त्या पट्ट्यात एखादे प्रबळ प्रक्षेपण घुसले, तर ही क्षीण साद बुडून जावयाची. पूर्वी उपग्रह १२१.५ मेगाहर्ट्झवरील हाकाही टिपीत. परंतु तीत खोट्या इशाऱ्यांचीच गर्दी फार. म्हणून १ फेब्रुवारी २००९ पासून ते काम थांबले. संकटातील एकाची हाक ऐकू यावी, यासाठी साऱ्या राष्ट्रांनी पाळावयाचे मौन, हेच या नियमांचे सार होय.