ओळक्रमांकन, संगणकीय

ओळक्रमांकन, संगणकीय : मजकुराच्या फाईलीतील ओळींना अनुक्रमांक देण्याची क्रिया. मजकुरातील नेमके स्थळ दाखविता यावे, हा तिचा हेतू असतो. ही गरज संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. ठाण्याच्या किल्ल्यात १७८७ मध्ये पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९ (इ. स. १०१७) चा ताम्रपट सापडला. अशा लेखांचे वाचन छापताना कोरलेल्या ओळींचे अंक सोबत देतात, वा. वि. मिराशी यांच्या शिलाहार लेखसंग्रहातही (१९७७) हीच रीत आहे. पत्र्याची कड आली की श्लोक, प्रसंगी शब्दही, मध्येच तुटतो. तरी अंक पत्र्यावरील ओळीचाच धरतात, कारण दान दिलेल्या गावाचे नाव किंवा शकाचा अंक मूळ पत्र्यावर पडताळावयाचा असतो.

असे वाचन फाईलीत उतरविले, की संगणकाच्या लेखी दोन ओळसमाप्ती-चिन्हांमधील मजकूर म्हणजे ओळ. पडद्याच्या रुंदीमुळे खाली वळलेला भाग ही निराळी ओळ नव्हे. युनिक्स व लिनक्स प्रणालींत ‘कॅट’ या आज्ञेला ‘एन’ हा पर्याय जोडल्यास रिकाम्या ओळींसह सर्व ओळींना अंक मिळतात. ‘एनएल’ ही खास क्रमांकनासाठीच असलेली आज्ञा मात्र, वेगळे सांगितले नाही तर, रिकाम्या ओळी वगळते. त्यामुळे दोन पत्र्यांच्या वाचनांमध्ये एक ओळ मोकळी सोडलेली असल्यास पुढील सर्व अंकांत या दोन आज्ञांचा मेळ बसत नाही. केवळ एक मोकळी जागा टंकलेली ओळ तर अधिकच फसवी असते : डोळ्यांना ती रिकामी दिसते, पण ‘एनएल’ तिला भरलेली मानून अंक देते.

प्रत्येक पत्र्याची फाईल स्वतंत्र असल्यास ‘ऑक’ ही भाषा सोयीची पडते. तिच्यातील ‘एनआर’ हा अंक सर्व फाईलींतून सलग वाढतो, तर ‘एफएनआर’ प्रत्येक फाईलीबरोबर पुन्हा एकापासून सुरू होतो.

या आज्ञांनी दिलेले अंक मूळ फाईलीत साठविले जात नाहीत. वरच्या बाजूस एक टीप घातली, तरी खालचे सर्व अंक सरकतात व त्यांवर विसंबून दिलेले संदर्भ भलत्याच ओळीकडे बोट दाखवितात. म्हणून पत्र्यावरील अंक प्रत्येक ओळीच्या आरंभी मजकुराचाच भाग म्हणून टंकणे व यंत्राने दिलेला अंक केवळ पडताळ्यासाठी वापरणे इष्ट ठरते.