बिल्ड चालू आहे

पहाटे ५:४०
नाशिकची पंचवटी. सरदार चौकाखालची उताराची गल्ली. रामकुंडावर निघालेले चार-दोन लोक सोडले तर वाट मोकळी आहे. एक मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ तीस मीटरचा फिता घेऊन मापं घेतायत. भाऊ भिंतीशी शून्याचं टोक धरतो, ती समोरच्या भिंतीशी आकडा वाचते. दर पाच पावलांवर एक माप. नुसत्या रुंदीवर भागत नाही. पुढे आलेली पायरी, विजेचा डांब, गटाराचं वर आलेलं झाकण, सगळं वहीत जातं.

"ताई, पायरी तर प्रत्येकाचीच पुढे आहे."

"म्हणून तर प्रत्येकाची लिहायची."

२७ ऑगस्ट २००३ ला, कुंभमेळ्यातल्या शाही स्नानाच्या दिवशी, याच भागात चेंगराचेंगरी झाली. ३९ माणसं गेली. ही मुलगी तेव्हा पाळण्यात होती.

सकाळी ८:१५
इंदिरानगरमधलं घर. खिडकीशी टेबल, त्यावर जुना घेतलेला संगणक. चार कोअर, आठ जीबी रॅम. एरवी यावर ऑटोकॅडची शीटं होतात. शीटमागे दोनशे रुपये, दिवसाला तीन, फार तर चार. आजचा दिवस त्यातून वजा. कॉलेजच्या सरांनी दिलेल्या या कामाला आठ हजार मानधन आहे, तेही काम संपल्यावर.

काम असं. या गल्लीत गर्दी शिरल्यावर काय होईल, ते संगणकावर चालवून बघायचं. जर्मनीत यूलिश गावी मोठी संशोधन संस्था आहे. तिथल्या लोकांनी जुपेडसिम नावाची लायब्ररी लिहिलीय. माणसं कशी चालतात, अरुंद जागी कशी तुंबतात, याचं गणित त्यात आहे. फुकट आहे, सोर्स कोडही खुला आहे. तयार लायब्ररी 'पिप इन्स्टॉल' म्हटलं की पाच मिनिटांत येते. ती तिने कधीच घेतलीय. पण तयार मालाच्या आतलं काही बदलता येत नाही, आणि हिला नेमकं आतलंच बदलायचंय. म्हणून सोर्स कोड उतरवून लायब्ररी इथेच तयार करायची, म्हणजे बिल्ड करायची.

सकाळी ८:५०
गिट क्लोन. फोनच्या हॉटस्पॉटवर. दिवसाचा दीड जीबीचा पॅक आहे, त्यातला मोठा घास इथेच जातो. आई चहा ठेवून जाते. चहावर साय धरते.

सकाळी ९:३०
वेगळा बिल्ड फोल्डर. सीमेक चालवलं. ते संगणक चाचपतं : कंपायलर कुठला, कुठली लायब्ररी आहे, कुठली नाही. ओळी सरकतात आणि लाल अक्षरांत थांबतात. पायथनच्या हेडर फाइली सापडत नाहीत. पायथन आहे, पण त्याच्याशी सी प्लस प्लस जोडायला लागणारं डेव्ह पॅकेज नाही. ती एररची फक्त पहिली ओळ वाचते. खालच्या चाळीस ओळी त्या पहिलीच्याच पोटच्या असतात, हे तिला सरावाने कळलंय. एक पॅकेज टाकलं. सीमेक पुन्हा. या वेळी शेवटपर्यंत गेलं.

सकाळी १०:०५
बिल्ड सुरू. बिल्ड करतो तो मेक हा प्रोग्राम. घाईत त्याच्या आज्ञेत 'जे'पुढे आकडा टाकला नाही. म्हणजे मेक एकाच वेळी जमतील तेवढ्या फाइली कंपाइल करायला घेणार. भूमितीच्या टेम्प्लेटांनी भरलेली एकेक फाइल रॅम खात सुटते. पंखा घरघरतो. माउस अडखळतो. मग माउसही थांबतो.

सकाळी १०:३०
स्क्रीनवर एक ओळ : किल्ड. मेमरी संपली म्हणून लिनक्सने कंपायलरच मारून टाकला. ती वैतागत नाही. डिस्कवर चार जीबीची स्वॅप फाइल करते, चालू करते, आणि 'जे'पुढे दोन लिहिते. झालेल्या फाइली मेक पुन्हा करत नाही, उरलेल्याच घेतो. त्यामुळे सकाळ अगदीच पाण्यात गेली नाही.

सकाळी ११:१५
३१ टक्के. आता हाताला काम नाही, पण उठताही येत नाही. ती वहीतली मापं फाइलीत उतरवते. गल्ली म्हणजे लायब्ररीच्या लेखी एक बहुभुज. पायरी आली की कोपरे वाढतात, डांब आला की मधे भोक पडतं. लायब्ररीला उतार मात्र कळत नाही. तिची जमीन कागदासारखी सपाट. उतारावर माणसाचा वेग वेगळा धरून ती उणीव भरायची, एवढंच हाती आहे.

दुपारी १२:४०
वीज गेली. इन्व्हर्टर पंखा आणि दिवा ओढतो, संगणक नाही. ५८ टक्क्यांवर सगळं काळं. आई म्हणते, "जेवून घे." ज्वारीची भाकरी, मेथी, ठेचा. जेवताना मुलगी आईला २०१५ च्या कुंभाचं सांगते. नाशिकच्याच निलय कुलकर्णी या शाळकरी मुलाने तेव्हा पायाखालची चटई केली होती. माणूस तिच्यावरून गेला की गणती व्हायची. चटईचं नाव अशिओटो. गल्लीत किती माणसं शिरली हे चटई सांगते. शिरल्यावर काय होईल, ते हिला बघायचंय.

दुपारी २:१०
वीज आली. मेक पुन्हा. ज्या फाइलीवर वीज गेली ती अर्धवट राहिली होती. ती पुसली, नव्याने चालू केली.

दुपारी ३:३५
शंभर टक्के. चाचण्या चालवल्या, सगळ्या पास. पायथन मात्र म्हणतं, अशी लायब्ररीच नाही. ती दुसऱ्या फोल्डरात आहे, पायथनला पत्ता दिलेला नाही. बिल्डमधली एन्व्हायर्नमेंट फाइल सोर्स केली. आता सापडली. नमुन्याच्या सरळ बोळातून माणसं नीट चालत गेली.

दुपारी ४:००
खरं काम आता. लायब्ररीतलं जे मॉडेल तिने घेतलंय, त्यात माणूस म्हणजे एक वर्तुळ. त्रिज्या ०.२ मीटर, चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर, हे मुळात धरलेले आकडे. ते बाहेरून बदलता येतात. डोक्यावर बोचकं घेतलेल्या अनवाणी आजीसाठी तिने ते कधीच उतरवलेत. अडचण दुसरी आहे. प्रत्येक वर्तुळ शेजारच्या प्रत्येक वर्तुळापासून जरा दूर सरतं. परक्या माणसाबाबत हे बरोबर आहे. पण पर्वणीला आलेल्या बायका एकमेकींचा पदर धरून चालतात. गर्दी वाढली की हात सोडत नाहीत, उलट घट्ट धरतात. चौघींची अशी साखळी अरुंद गल्लीत आडवी आली तर मागच्याला वाटच उरत नाही. दूर सरण्याचा जोर माणसागणिक वेगळा ठेवता येतो. आपल्या माणसाला वेगळा आणि परक्याला वेगळा, असा भेद मात्र त्यात नाही. तो सी प्लस प्लसमध्ये शिरूनच घालावा लागतो.

ती फाइल उघडते. प्रत्येक माणसाला गटाचा क्रमांक देते. शेजाऱ्यांची बेरीज होते तिथे एक अट घालते : क्रमांक एकच असेल तर जोर शून्य. दिसायला थोड्या ओळी. त्या नेमक्या कुठे बसतात हे शोधण्यात दीड तास जातो. दिवसभराच्या खटाटोपाचं मोल मला इथे दिसलं. आपल्याकडची माणसं कशी चालतात हे यूलिशमध्ये बसून कुणाला लिहिता आलं नसतं. ते पंचवटीत वाढलेल्या माणसानेच लिहायला हवं.

सायंकाळी ५:५०
सेमीकोलन राहिला. घातला. बदललेल्या फाइली तेवढ्याच कंपाइल झाल्या, पाच मिनिटांत.

सायंकाळी ६:३०
तिची गल्ली पहिल्यांदा चालू झाली. हिशेब एका सेकंदाचे शंभर भाग करून चालतो, प्रत्येक माणसाची जागा एसक्यूलाइटच्या फाइलीत जमा होते. आधी सगळे सुटे, मग तेवढीच माणसं चौघांच्या गटांत. चौरस मीटरमागे पाचाच्या वर माणसं गेली की धोका वाढू लागतो. असे ठिपके तिने लाल केलेत. गटांच्या वेळी लाल ठिपके एका पायरीजवळ आधी उमटले आणि जास्त वेळ टिकले.

ती सरांना फोन लावते.

"सर, बिल्ड झालं. गट चालतायत."

"पायरी काढून चालवून पाहिलंस?"

"आता लावते, सर."

रात्री ९:१५
पायरी काढलेली गल्ली हिशेबात आहे.  ऑटोकॅडची दोन शीटं सकाळी दहापर्यंत द्यायचीत. पुढचा कुंभ २०२७ मध्ये आहे. रविवारी दुकानांच्या फळ्या बाहेर आल्यावर गल्ली परत मोजायची, असं तिने भावाला सांगून ठेवलंय. त्याने त्याबद्दल मिसळ मागितलीय.