गल्लीचा लोड, सर्वांचा हिशेब

व्यापारी बंधूंनो, विठ्ठलवाडीत संध्याकाळी दुकानाचे दिवे, घरचे पंखे, पाण्याची मोटर, इस्त्री एकदमच चालू होतात. ट्रान्सफॉर्मरवर ताण पडून वीज गेली की शिलाई मशीन थांबते, ऑर्डर रखडते. साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा ३०. शंभर घरांनी तीन-तीन पंखे बदलले तर साडेतेरा किलोवॉट लोड उतरतो. मोटर, इस्त्री दुपारी चालवा. सौरवीज तेव्हाच मिळते, संध्याकाळी नाही. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान ठरले. नवे घर बांधताना पश्चिमेच्या भिंतीवर सावली, खिडक्या समोरासमोर ठेवा. एसीची गरज कमी पडेल. एकट्याने भागणार नाही, गल्लीने मिळून ठरवावे.